पाव मैलाचा न्याय

दोघांची शर्यत लावावयाची आणि ती न्यायानें लावावयाची, ही गोष्ट बोलावयास जितकी सोपी तितकीच करावयास कठीण आहे. कुस्तीच्या आखाड्यांत वजनी गट पाडतात. पुण्या-मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादतात. दोहोंचा हेतु एकच, कीं निकाल आधींच ठरलेला नसावा. परंतु या दोन उपायांत तत्त्वाचा मोठा भेद आहे. पहिला उपाय सारख्यास सारखा शोधून देतो. दुसरा असमानांना एकत्र आणून त्यांच्यांतील अंतर बुजवितो. यांपैकीं अधिक न्याय्य कोणता? हा प्रश्न ज्या खेळानें सत्तर वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष प्रयोग करून सोडवूं पाहिला, तो अमेरिकेंतील हौशी मोटारवाल्यांचा ‘ड्रॅग रेसिंग’ हा खेळ होय. खेळ परका आहे आणि कर्कशही आहे. पण त्याचे नियम कसकसे बनत गेले हें पाहिलें असतां मनुष्यस्वभावाविषयीं पुष्कळ कळतें, म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

खेळाचें स्वरूप साधें आहे. सरळ व सपाट असा पाव मैलाचा, म्हणजे १,३२० फुटांचा, रस्ता. त्यावर दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या. इशारा झाला कीं उभ्या जागेवरून निघावयाचें व शेवटची रेघ आधीं ओलांडावयाची. हरला तो घरीं गेला, जिंकला तो पुढच्या फेरींत दुसऱ्या विजेत्यासमोर उभा राहिला, आणि अशा रीतीनें शेवटीं एकच उरतो. सगळा मामला दहा-पंधरा सेकंदांचा. असें असतांही यांत कोणास कोणासमोर उभें करावें, याचा वाद आजतागाईत मिटलेला नाहीं.

या खेळाचें मूळ दक्षिण कॅलिफोर्नियांतील सुकलेल्या तळ्यांच्या भूमींत आहे. १९३० नंतरच्या दशकांत तेथील तरुण जुन्या फोर्ड गाड्या विकत घेऊन, त्यांचे अनावश्यक भाग काढून टाकून, म्यूरॉकच्या विस्तीर्ण पटांगणावर वेगाची परीक्षा घेत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. पुढें म्यूरॉकची जागा लष्कराकडे गेली, महायुद्ध झालें, युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हातीं यंत्रविद्या आली, पण ती चालविण्यास जागा उरली नाहीं. तेव्हां शर्यती शहरांतील रस्त्यांवर होऊं लागल्या, अपघात झाले आणि लोकमत खवळलें. १९५० सालीं सी. जे. हार्ट व त्याच्या सोबत्यांनीं सांता आना येथील विमानतळाच्या पट्टीवर पैसे घेऊन रीतसर शर्यती सुरू केल्या. १९५१ सालीं ‘हॉट रॉड’ मासिकाचा संपादक वॉली पार्क्स यानें ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली. १९५३ सालीं पोमोना येथें तिची पहिली अधिकृत स्पर्धा झाली. आणि १९५५ सालीं कॅन्सस संस्थानांतील ग्रेट बेंड येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ती पावसानें अर्ध्यावर मोडली व नोव्हेंबरांत ॲरिझोनामध्यें पुरी करावी लागली.

या संस्थेचा उद्देश केवळ विक्रम नोंदविणें हा नव्हता. रस्त्यावर जीव धोक्यांत घालणाऱ्या पोरांस सुरक्षित जागीं आणणें हा होता. न्यायाच्या प्रश्नाला खरें महत्त्व येथेंच येतें. बापाची घरगुती गाडी घेऊन आलेला मुलगा दर आठवड्यास पहिल्याच फेरींत एखाद्या श्रीमंताच्या खास बनवून घेतलेल्या यंत्राकडून हरूं लागला, तर चार आठवड्यांनीं तो येणें सोडून देईल व पुन्हां रस्त्यावर जाईल. म्हणून या खेळांत न्याय हा वरून चढविलेला अलंकार नसून खेळाच्या अस्तित्वाचा पाया होता. हरणाऱ्यास पुन्हां यावेंसें वाटलें पाहिजे, अशी ती कसोटी होती.

पहिला उपाय अर्थातच वर्गवारीचा. कारखान्यांतून आलेल्या साध्या गाड्यांसाठीं संस्थेनें एक सुटसुटीत हिशेब धरला: गाडीचें वजन घ्यावें, त्यास कारखान्यानें जाहीर केलेल्या अश्वशक्तीनें भागावें, आणि जो आंकडा येईल त्यावरून वर्ग ठरवावा. ३,४०० पौंडांची व ३४० अश्वशक्तीची गाडी म्हणजे एका अश्वशक्तीस १० पौंड. तिनें तशाच गाडीशीं झगडावें. योजना निर्दोष दिसते. परंतु तिची सारी मदार ‘जाहीर केलेल्या’ या एका शब्दावर होती. गाड्यांचे कारखाने या शर्यतींकडे जाहिरात म्हणून पाहूं लागले, तेव्हां शक्ति खरी किती हें सांगण्यापेक्षां थोडी कमी सांगण्यांत फायदा आहे, हें त्यांच्या ध्यानांत यावयास उशीर लागला नाहीं. १९६८ सालीं फोर्ड कंपनीची ‘कोब्रा जेट’ एंजिनाची मस्टँग पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेंत उतरली व तिनें ‘सुपर स्टॉक’ हा गट जिंकला. तिची जाहीर शक्ति ३३५ होती, आणि प्रत्यक्ष शक्ति याहून बरीच अधिक आहे हें सर्वांस ठाऊक होतें. शेवटीं संस्थेनें कारखान्यांच्या शब्दावर विसंबणें सोडलें व प्रत्येक एंजिनाची शक्ति आपल्या अनुभवावरून आपणच ठरविण्याचा पायंडा पाडला. विजेत्याचें एंजिन उघडून त्याचीं मापें घेण्याचा रिवाजही याच अविश्वासांतून दृढ झाला.

तरी वर्गवारीचा एक दोष कोणत्याही तपासणीनें जाण्यासारखा नव्हता. नियमानें दिलेल्या सवलतीच्या अगदीं कांठापर्यंत प्रत्येक भाग घासून-मापून बसविण्यास पैसा लागतो व वेळ लागतो. वर्ग एक, नियम एक, पण ज्याचे हात व खिसा दोन्ही भरलेले तोच पुढें जाणार. कागदावरील समता व पटांगणावरील समता यांत पडणारें हें अंतर केवळ मोटारींच्याच खेळांत दिसतें असें नाहीं.

शिवाय वर्ग अनेक झाले म्हणजे वर्गविजेतेही अनेक होतात, आणि त्यांतून एक श्रेष्ठ निवडावयाचा तर हलकी गाडी व भारी गाडी समोरासमोर येणारच. येथें दुसरा उपाय पुढें आला: मंद गाडीस आधीं सोडावें. निशाण हलविणाऱ्या मनुष्याकडून दशांश सेकंदाचा न्याय होणें शक्य नव्हतें. १९६३ सालीं इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय स्पर्धेंत दिव्यांचा खांब वापरण्यांत आला. एकाखालीं एक पिवळे दिवे, मग हिरवा, आणि आधींच निघाल्यास तांबडा. त्याच्या रूपावरून त्यास ‘क्रिसमस ट्री’ हें नांव पडलें. प्रत्येक बाजूचे दिवे निराळ्या वेळीं लावतां येत असल्यामुळें मंद गाडीस ठराविक सेकंदांची आघाडी अचूक देतां येऊं लागली. ही आघाडी बहुधा त्या त्या वर्गाच्या विक्रमावरून ठरे. यांतून एक चमत्कारिक स्थिति उद्भवली. विक्रम मोडला कीं त्या वर्गाचा आंकडा खालीं येई व पुढच्या वेळीं आघाडी घटे. म्हणून ज्याच्याजवळ खरा वेग होता तोच तो लपवूं लागला व शेवटच्या रेघेपाशीं ब्रेक दाबूं लागला. पूर्वीं कारखाने शक्ति लपवीत, आतां चालक वेग लपवूं लागले. लबाडी तीच, जागा मात्र बदलली.

१९७० नंतरच्या दशकांत जी ‘ब्रॅकेट रेसिंग’ नांवाची पद्धति सर्वत्र पसरली, तिनें या लबाडीवर एक अपूर्व तोड काढली. तुमचा वर्ग कोणता, एंजिन कोणतें, किंमत किती, हें कांहींच विचारावयाचें नाहीं. तुमची गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल तें तुम्हीच सांगा व तो आंकडा कांचेवर लिहा. दोघांच्या आंकड्यांतील अंतर मंद गाडीस आघाडी म्हणून मिळेल. मात्र सांगितलेल्या वेळापेक्षां कमी वेळांत गेलांत तर तुम्ही बोली मोडलीत. यास ‘ब्रेकआउट’ म्हणतात, आणि त्याचें फळ पराभव. दोघांनींही बोली मोडली तर ज्यानें कमी मोडली तो जिंकला.

एक उदाहरण घेऊं. एकानें १४.२० सेकंद लिहिले, दुसऱ्यानें ११.७०, पहिल्यास २.५० सेकंदांची आघाडी मिळाली. पहिला आपल्या हिरव्या दिव्यानंतर ०.०३ सेकंदानें निघाला व १४.२२ सेकंदांत पोंचला. म्हणजे त्याची एकूण चूक ०.०५ सेकंद. दुसरा ०.०१ सेकंदानेंच निघाला व ११.६९ सेकंदांत पोंचला. रेघ दुसऱ्यानें आधीं ओलांडली, सुमारें ८ फुटांनीं. पण त्यानें बोली ०.०१ सेकंदानें मोडली, म्हणून बक्षीस पहिल्याचें. त्यास मागें वळून पाहतां आलें असतें, पुढची गाडी आटोक्यांत आली हें ओळखून पाय किंचित् उचलतां आला असता, तर तोच जिंकला असता. हें करणें किती कठीण आहे याची कल्पना, ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें जाणाऱ्या गाडींत बसून करावी.

आतां वाचक विचारतील कीं वेगाच्या शर्यतींत वेगाबद्दल शिक्षा, हा काय न्याय? आक्षेप पोकळ नाहीं. या पद्धतींत आधीं पोंचणारा हरूं शकतो, म्हणून अजाण प्रेक्षकास निकाल कळत नाहीं. आणि रात्रंदिवस खपून गाडी अर्ध्या सेकंदानें वेगवान् करणाऱ्या कारागिरास त्या श्रमांचें कांहींच फळ नाहीं, कारण त्याचा आंकडाही तितकाच खालीं येतो. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. येथें परीक्षा यंत्राची नसून यंत्राच्या ज्ञानाची आहे. दुपारची हवा तापली, वारा फिरला, रस्ता निसरडा झाला, तर माझी गाडी किती शतांश सेकंद मागें पडेल, हें ज्यास अचूक सांगतां येतें तो जिंकतो. आणि हें ज्ञान विकत मिळत नाहीं. पंधरा सेकंद घेणारी जुनी घरगुती गाडी दहा सेकंदांच्या महागड्या गाडीस हरवूं शकते, हें या पद्धतीनें शक्य केलें. अमेरिकेंतील लहान लहान गांवांच्या शर्यतपट्ट्या आठवड्यामागून आठवडे भरलेल्या राहिल्या त्या मुख्यत्वें हिच्या जोरावर.

तरीही पैशानें मागचें दार शोधलेंच. पहिला दिवा दिसतांच बोट उचलावें आणि गाडी किती सहस्रांश सेकंदांनीं सोडावी हें विजेच्या पेटीनें ठरवावें, अशीं साधनें निघालीं. त्यामुळें निघण्याचें कौशल्य अंशतः दुकानांत मिळूं लागलें. मग ठिकठिकाणीं पेटीवाल्यांचा एक गट व बिनपेटीवाल्यांचा दुसरा, असे भाग पाडावे लागले. म्हणजे ज्या वर्गवारीस कंटाळून ही पद्धति निघाली, ती वर्गवारीच पुन्हां हिच्या घरांत शिरली.

बाद पद्धतीच्या मांडणींतही अशींच बारीक अन्यायाचीं बीजें असतात. गाड्यांची संख्या विषम झाली तर एकास प्रतिस्पर्ध्यावांचून पुढें जावयास मिळतें. हें भाग्य पुष्कळ ठिकाणीं मागील फेरींत उत्तम निघणाऱ्यास देतात, म्हणजे तें निदान कमावलेलें असतें. कोठें पहिल्या फेरींत हरलेल्यास पुन्हां फी भरून परत येण्याची मुभा देतात. एका क्षणाच्या चुकीनें दिवस फुकट जाऊं नये हा दयेचा विचार खरा, पण ज्याच्याजवळ दुसरी फी नाहीं त्यास ती दया पोंचत नाहीं. तांबड्या दिव्याची गोष्ट तर विशेष आहे. मंद गाडी आधीं सुटते, म्हणून तिच्या चालकाची चूकही आधीं होते. जो प्रथम चुकला तो बाद, असा पुष्कळ काळ नियम असल्यामुळें मागून सुटणाऱ्याची त्याहून मोठी चूकही माफ होई. ज्यास सवलत दिली त्याच्याच गळ्यांत हा फांस पडला होता. अलीकडे दोघांच्याही चुका ताडून पाहणारी यंत्रें कांहीं ठिकाणीं आलीं, तेव्हां हा दोष निघूं लागला.

या सर्व प्रयोगांतून काय निष्पन्न झालें? आमच्या मतें याचें उत्तर ‘स्टॉक’ व ‘सुपर स्टॉक’ या जुन्या गटांच्या आजच्या रीतींत सांपडतें. तेथें निरनिराळ्या वर्गांच्या गाड्या भेटल्या कीं प्रत्येकानें आपला आंकडा लिहावयाचा व बोली पाळावयाची. परंतु एकाच वर्गाच्या दोन गाड्या भेटल्या कीं आंकडे पुसले जातात, दोघे एकदम सुटतात व बोलीचा नियम उरत नाहीं. जो आधीं पोंचला तो जिंकला. समानांना समानांचा नियम, असमानांना असमानांचा. याच ‘स्टॉक’ गाड्यांच्या गटांत १९६६ सालीं पोमोना येथें शर्ले शाहान ही विजयी झाली, व संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दिव्यांच्या खांबास चालक कोण आहे हें दिसत नाहीं.

न्याय हा एखाद्या नियमांत कायमचा कोंडून ठेवतां येत नाहीं. आपण कशाची तुलना करीत आहों हें आधीं स्पष्ट बोलण्यांत त्याचा आरंभ आहे. यंत्राची तुलना करावयाची असेल तर वर्ग पाडावे व खर्चाची असमता पत्करावी. मनुष्याची करावयाची असेल तर आघाडी द्यावी व वेगाचा मोह सोडावा. दोन्ही एकाच नियमानें साधूं म्हणणारा दोन्ही घालवितो. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, आणि आपल्या शहरांच्या रस्त्यांवर रात्रीं ज्या चोरून होतात त्यांचें वृत्त वर्तमानपत्रांत येतच असतें. त्या तरुणांना उपदेश पुष्कळ झाला. त्यांना पाव मैलाची एक सुरक्षित पट्टी, आणि हरल्यावरही पुन्हां यावेंसें वाटेल असा नियम, या दोन गोष्टी मिळाल्या तर उपदेशापेक्षां अधिक कार्य होईल, असें या इतिहासावरून आम्हांस वाटतें.