खानापूरच्या रानातले हाकारे

३. हाकारे : आरोळ्या देत, डबे बडवत जनावराला मचाणाकडे रेटणारी माणसे. बेळगावजवळच्या खानापूरच्या दाट रानात मोठ्या शिकारीचा बेत बंदुकीपेक्षा यांच्यावरच अधिक विसंबून असे. जनावराचा माग, पाणवठे आणि वाऱ्याची दिशा स्थानिकांनाच नेमकी ठाऊक. नेम शिकाऱ्याचा, म्हणून श्रेयही त्याचेच, असे कोणी म्हणेल; पण जनावर टप्प्यात आलेच नाही, तर नेम धरायचा कशावर? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारी संपवल्या आणि २०११मध्ये याच तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झाले. रान राखायलाही तेच ज्ञान लागते. म्हणून शिकारकथांत निनावी राहिलेल्या या जाणकारांना संरक्षणाच्या कामात तरी मानाचे स्थान मिळायला हवे. — संपादक