सरकणारा दीपस्तंभ

मराठी गद्यात दीपस्तंभ फार. सत्कारसमारंभातले भाषण असो, गौरवग्रंथाची प्रस्तावना असो की मृत्युलेख. थोर माणूस कोणाचा तरी दीपस्तंभ असतोच. लाटा आदळत राहतात, तो अढळ उभा असतो आणि भरकटलेल्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहायचे असते. ही प्रतिमा वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यामागे दगड, तेल आणि पगारी राखणदार असलेली एक खरीखुरी इमारत असते, याचा आपल्याला विसर पडतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, सीफर्डपासून ईस्टबोर्नपर्यंतची सुमारे २२ किलोमीटरांची कड्यावरची वाट आम्ही एका ऑक्टोबरात, एका दिवसात चाललो. त्या वाटेवर या प्रतिमेचा एकेक चिरा निखळत गेला. त्याचीच ही हकिकत.

ही सारी वाट खडूवरून जाते. खडू म्हणजे आपल्या फळ्यावरचा नव्हे; तो बहुधा जिप्समचा असतो. हा खडू सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एका उबदार समुद्राच्या तळाशी साचत गेला. सूक्ष्म शैवालांच्या अंगावरच्या चुन्याच्या चकत्या तळाला बसत राहिल्या; हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटरांचा थर. त्या कालखंडाचे ‘क्रिटेशस’ हे नावही खडूवाचक लॅटिन शब्दावरूनच आले आहे.

सीफर्ड हेडची चढण संपली की ककमिअर नदीचे मुख दिसते आणि पलीकडे सात पांढरे कडे, ‘सेव्हन सिस्टर्स’. मुखाशी पूल नाही. त्यामुळे समोर दिसणाऱ्या काठावर जाण्यासाठी आत एक्सीटच्या पुलापर्यंत चालत जावे लागते आणि तितकेच परत यावे लागते. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येक बहिणीची चढण आखूड, पण उभी; उतरण त्याहून वाईट. माथ्यावर पोचून श्वास घ्यावा, तोच पुढची खळगी पायाखाली. हिमयुगात गोठलेल्या खडूवरून वितळलेल्या बर्फाचे पाणी वाहिले आणि त्याने या दऱ्या कोरल्या. आज त्या कोरड्या आहेत, आणि समुद्राने त्यांना मध्येच छाटून टाकले आहे. नावात सात असले तरी मोजणाऱ्याला आठ माथे लागतात. चौथ्यानंतर आम्ही मोजणे सोडून दिले.

बर्लिंग गॅपला समुद्रकाठी जाण्याचा जिना आहे आणि एकोणिसाव्या शतकात तटरक्षकांसाठी बांधलेल्या घरांची एक ओळ. ओळ म्हणायची, पण ती एका टोकाकडून संपत चालली आहे. कडा जवळ आला की टोकाचे घर उतरवतात. २०१४ मध्ये असेच एक उतरवले गेले. उरलेल्या ओळीची उघडी पडलेली भिंत पाहताना वाक्य मध्येच तुटावे तसे वाटले.

याच परिसरातल्या ईस्ट डीन गावी जोनाथन डार्बी नावाचा धर्मगुरू होता; तो १७२६ मध्ये वारला. बुडणाऱ्या खलाशांना आसरा मिळावा म्हणून त्याने कड्याच्या पायथ्याशी गुहा खोदली आणि वादळी रात्री तो तिथे कंदील लावून बसे, अशी आख्यायिका आहे. या किनाऱ्यावरच्या दिव्यांची परंपरा अशी एका गुहेपासून सुरू होते. मनोऱ्याचा तिथे पत्ताही नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना डार्बी भेटतो तो शार्लट स्मिथ हिच्या ‘बीची हेड’ या दीर्घकवितेत. नवऱ्याच्या कर्जापायी त्याच्यासोबत तुरुंगात राहिलेली, लेखणीवर मुलाबाळांचा संसार ओढलेली ही कवयित्री १८०६ मध्ये वारली आणि कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. कवितेच्या आरंभी कवयित्री या भूशिराच्या माथ्यावरून समुद्र न्याहाळते. पूर्वेकडे निघालेले एक व्यापारी जहाज तिला दिसते, आणि तिकडचा मसाला, कापूस, मोती यांच्याबरोबरच जीव धोक्यात घालून मोती काढणारा गुलामही तिला आठवतो. पुढे टेकडीच्या मातीत सापडणारे शंखशिंपले हाती धरून ती विचारते, इथे कधी समुद्र होता काय? ठाम उत्तर ती देत नाही. शेवटी डार्बीवरून सुचलेला एक एकांतवासी येतो. इतरांना वाचवता वाचवता तोच बुडतो. त्याच्या दुःखाच्या ओळी गुहेच्या खडकात कोरल्या आहेत, असे सांगून कविता थांबते. कोरीव लेख म्हणजे टिकाऊपणाची हमी, असा आपला समज. पण हा खडक खडूचा आहे. आज ती गुहाही नाही आणि ज्या कड्यात ती होती तो कडाही नाही.

बर्लिंग गॅपच्या पुढची चढण बेल टूटच्या दीपस्तंभाशी नेते. इथे १८२८ मध्ये आधी एक लाकडी, तात्पुरता दिवा उभा राहिला. नंतर ग्रॅनाइटची पक्की इमारत झाली आणि १८३४ मध्ये ती कामाला लागली. तिच्यासाठी जॉन फुलर हा जमीनदार झटला, असे मानले जाते. जमैकातल्या ऊसमळ्यांचा हा मालक संसदेत गुलामगिरीची बाजू मांडत असे. स्मिथच्या कवितेतला गुलाम आणि फुलरचा दीपस्तंभ यांच्यात दोन-अडीच दशकांचेच अंतर आहे. खलाशाला वाट दाखवणाऱ्या उजेडामागे कोणते पैसे असू शकतात, हा प्रश्न आपल्या गौरवग्रंथांतल्या दीपस्तंभांना सहसा कोणी विचारत नाही.

या दिव्याची योजना मात्र मोठी बुद्धिमान होती. दहा-दहा दिव्यांच्या तीन बाजू असलेली चौकट फिरत राही आणि तिचा उजेड दूरवर जाई. पण जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आले की कड्याची धार मध्ये येऊन दिवा दिसेनासा होई. अंधार म्हणजे धोका. उजेडाइतकाच अंधारही अर्थवाही. दोन गोष्टींनी ही योजना उधळली. पहिली गोष्ट कड्याची झीज. धार मागे सरकली तशी हा हिशेब जुळेना आणि दिवा नको तिथूनही दिसू लागला. दुसरी गोष्ट धुके, आणि तिचा अनुभव आम्हांलाही आला. दुपारी तीनच्या सुमारास समुद्रावरून एक करडी पट्टी वर चढली आणि पाहता पाहता दीपस्तंभाचे डोके दिसेनासे झाले. खाली पाण्यावर मात्र लख्ख दिसत होते. एक मासेमारीची होडी स्वच्छ मोजता येत होती. जितका उंच, तितका ढगात. ज्याच्यासाठी दिवा लावला, त्यालाच तो दिसत नव्हता.

म्हणून दिवा खाली आणण्याचे ठरले. इंग्लंडातल्या दीपस्तंभांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘ट्रिनिटी हाउस’ या जुन्या संस्थेचे मुख्य अभियंता टॉमस मॅथ्यूज यांनी बीची हेडच्या पायथ्याशी, कड्यापासून सुमारे १६५ मीटर आत, थेट समुद्रात नवा मनोरा उभारला. कॉर्नवॉलचा ३,६६० टन ग्रॅनाइट माथ्यावरून तारेच्या पाळण्यातून खाली सोडण्यात आला. १९०२ मध्ये नवा दिवा लागला, बेल टूटचा विझला. १९८३ मध्ये नव्या मनोऱ्याचे काम स्वयंचलित झाले आणि राखणदार निघून गेले. २०११ मध्ये संस्थेने जाहीर केले की मनोऱ्याचे लाल-पांढरे पट्टे यापुढे रंगवले जाणार नाहीत. उपग्रहावरून दिशा कळणाऱ्या जहाजांना त्यांची गरज उरली नव्हती. तेव्हा लोकांनी २७,००० पौंड वर्गणी जमवली आणि २०१३ मध्ये पट्टे पुन्हा रंगले. खलाशांना नको असलेले पट्टे जमिनीवरच्या माणसांना हवे होते. इमारतीचे प्रतिमेत रूपांतर होते ते असे.

बेल टूटचे काय झाले? दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांच्या तोफसरावात ती इमारत मोडली. पुढे दुरुस्त होऊन राहते घर झाली. १९९० च्या दशकाअखेर कडा अगदी दाराशी आला. मग मार्च १९९९ मध्ये सुमारे ८५० टनांची ती अख्खी इमारत जॅकने उचलून, वंगण लावलेल्या तुळयांवरून १७ मीटर मागे सरकवण्यात आली. पुन्हा कधी सरकवावी लागली तर सोय असावी, हेही तेव्हाच पाहिले गेले. अढळपदाची प्रतिमा घेऊन आलेल्या आम्हांला ही माहिती प्रथम विनोदी वाटली. पुढच्या मैलभरात तिचे हसू उरले नाही.

कारण हा कडा पांढरा आहे तो पडतो म्हणूनच. पायथा समुद्र कोरतो, वरचा भाग कोसळतो, ताजा खडू उघडा पडतो. भिंत घालून पायथा राखला तर कड्यावर गवत-झुडपे उगवतात आणि तो हिरवट करडा होतो. पांढरे कडे हे इंग्रजांच्या चिरस्थायित्वाचे प्रतीक; पण या शुभ्रतेची किंमत म्हणजे सततची हानी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार येथील कडे गेली काही हजार वर्षे सालिना २ ते ६ सेंटिमीटर मागे जात होते. गेल्या दीडशे वर्षांत हा वेग २२ ते ३२ सेंटिमीटरांवर गेला आहे. पायथ्याला आडोसा देणारी गोट्यांची पुळण विरळ होत गेली, हे त्याचे एक मुख्य कारण. जानेवारी १९९९ मध्ये कोसळलेला कडा तर खालच्या दीपस्तंभाजवळ जाऊन थांबला होता. कवितेतली ती समुद्र न्याहाळण्याची जागा, या हिशेबाने, केव्हाच पाण्यावरची हवा झाली असावी. प्रश्न उरतो तो असा: राखायचे काय? घर राखावे तर कड्याची शुभ्रता जाते. शुभ्रता राखावी तर घर जाते. दोन्ही राखता येत नाहीत.

बीची हेडचा माथा १६२ मीटर उंच आहे. या भूशिरासमोरच्या समुद्रात २७ ऑगस्ट १८९५ रोजी फ्रीडरिश एंगल्सच्या अस्थी सोडण्यात आल्या. लंडनमध्ये मार्क्सची समाधी आहे; एंगल्सने स्वतःसाठी थडगे वा स्मारक मागितले नाही. याच माथ्यावर २००४ पासून एक स्वयंसेवी पथक गस्त घालते. जिवावर उदार होऊन आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलावे आणि त्याला मागे न्यावे, एवढेच त्यांचे काम. डार्बीचा कंदील असा अजून कोणाच्या तरी हातात आहे.

आम्ही पोचलो तेव्हा धुके विरले होते आणि दिवस मावळला होता. धारेपासून पुरेसे लांब राहून आम्ही खाली पाहिले. ४३ मीटरांचा तो मनोरा आमच्या कितीतरी खाली, भरतीच्या पाण्यात उभा होता आणि दर वीस सेकंदांनी दोनदा चमकत होता. दीपस्तंभाकडे मान वर करून पाहायचे असते, ही आमची समजूत. इथे मान खाली घालावी लागली. मग पाय ओढत आम्ही ईस्टबोर्नचा उतार उतरू लागलो.