गड, किल्ला आणि दुर्ग : समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या प्राथमिक अध्यापनाचा ऐतिहासिक विचार

मावळात, पवनेच्या खोऱ्यात, तिकोणा गडाच्या पायथ्याशी जी वस्ती आहे तिला तिकोणा पेठ म्हणतात. गडाचे हे नाव त्याच्या त्रिकोणी आकारावरून पडले. त्याचेच दुसरे नाव वितंडगड. जवळच्या तुंगासही कठिणगड असे दुसरे नाव आहे. एकाच डोंगराची ही दोन नावे, म्हणून ‘तुंग’ आणि ‘कठिण’ हे शब्द समानार्थी होतात काय? तुंग म्हणजे उंच. कठिण म्हणजे अवघड. वस्तू एक असली तरी अर्थ दोन आहेत. प्राथमिक शाळेतील ‘समानार्थी शब्द लिहा’ या नित्याच्या प्रश्नात नेमका हाच विवेक सुटतो. तो का सुटतो, याचे उत्तर या अभ्यासाच्या इतिहासात शोधावयाचे आहे.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्याची आपली परंपरा अमरकोशापर्यंत जाते. अमरसिंहाच्या ‘नामलिंगानुशासना’ची तीन कांडे संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थी मुखोद्गत करीत. शब्दाचे लिंग कळावे आणि काव्य समजण्यास वा रचण्यास पर्याय हाताशी असावेत, हा त्या पाठांतराचा हेतू होता. पुढे तोच विद्यार्थी गुरूजवळ काव्ये वाची, आणि कोशाने एका ओळीत बसविलेल्या शब्दांतील भेद त्यास प्रयोगातून उमजत. म्हणजे यादी ही अध्यापनाचा पूर्वार्ध होती. मराठी शाळेने पूर्वार्ध स्वीकारला. उत्तरार्ध मात्र मागे राहिला.

पर्यायशब्दांची योजना राज्यकारभारातही झाली. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध केला. दहा वर्गांच्या या कोशात कारभारातील फारसी, अरबी व दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दुर्गांसाठी त्यात स्वतंत्र वर्ग आहे. याच काळात पेशव्यास प्रधान, मुजुमदारास अमात्य, डबिरास सुमंत अशी पदनामे मिळाली. परंतु आज्ञेने समान ठरविलेले शब्द लोकव्यवहारात समान राहिले नाहीत. अठराव्या शतकात शिक्क्यावर ‘प्रधान’ असे, लोकांच्या तोंडी ‘पेशवे’. आज ‘पंतप्रधान’ हे चालू पद आहे, तर ‘पेशवा’ हा इतिहासाचा शब्द आहे. एकाच्या जागी दुसरा घातल्यास वाक्य बिघडते.

‘गड’, ‘किल्ला’ आणि ‘दुर्ग’ यांची गोष्टही अशीच आहे. पहिला देशी वळणाचा, दुसरा अरबीतून आलेला, तिसरा संस्कृत. शालेय यादीत तिघे एका ओळीत बसतात. पण आपण गड चढतो. भुईकोट किल्ला म्हणतो, भुईकोट गड म्हणत नाही. आणि समुद्रातील तटबंदीस जलदुर्ग म्हणतो. तिकोणा पेठेतील मुलास हा भेद शिकविण्यास डोळ्यांसमोरचा डोंगर पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द मांडण्याची रीत या दुसऱ्या कोशामुळे रूढ झाली. ती भाषांतरकारास उपकारक होती, कारण योग्य शब्द निवडण्याचे ज्ञान त्याच्यापाशी गृहीत धरलेले असे. आठ-नऊ वर्षांच्या मुलापाशी ते गृहीत धरता येत नाही; निवड हाच त्याच्या अभ्यासाचा विषय आहे.

विरुद्धार्थी शब्दांची स्थिती याहून निराळी आहे. अमरकोशाची रचना पर्यायांवर उभी आहे, विरोधावर नव्हे. व्याकरणपरंपरेने मात्र ‘नञ्’चे सहा अर्थ मानले : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. विरोध हा सहांपैकी एक. हे विसरून ‘अ लावा, विरुद्धार्थी शब्द मिळवा’ असा सोपा नियम मुलास दिला, की ते ‘मूल्यवान’च्या उलट ‘अमूल्य’ लिहिते. चूक मुलाची नव्हे, नियमाची आहे.

शिवाय विरोध शब्दाशी नसतो, प्रयोगाशी असतो. कच्च्या फळाच्या उलट पिकलेले, कच्च्या रस्त्याच्या उलट पक्का, कच्च्या भाताच्या उलट शिजलेला. ओल्या दुष्काळाच्या उलट कोरडा दुष्काळ. ओल्या चाऱ्याच्या उलट मात्र वाळलेला चारा. भातशेती व गुरे यांत वाढलेल्या मुलाने ‘ओला’ या शब्दापुढे ‘वाळलेला’ असे लिहिले आणि यादीत ‘कोरडा’ आहे म्हणून ते चूक ठरले, तर आपण त्याच्या अज्ञानाला नव्हे, ज्ञानाला शून्य गुण दिले असे होते. घरची भाषा शाळेत निरुपयोगी आहे, ही समजूत अशा लहान खुणांतूनच मुलाच्या मनात रुजते.

मग अध्यापनाचा आरंभ कोठून करावा? मराठीतील जोडशब्दांतून करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘धनदौलत’, ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’, ‘रीतरिवाज’ यांत संस्कृतातून आलेला शब्द आणि फारसी-अरबीतून आलेला शब्द शेजारी नांदतात; ‘कोर्टकचेरी’त इंग्रजीही येऊन बसली आहे. राजव्यवहारकोशाने ज्यांतून एक निवडावयास सांगितले, ते दोन्ही लोकांनी जोडून ठेवले. ‘चढउतार’, ‘देणेघेणे’, ‘बरेवाईट’, ‘खरेखोटे’ यांत विरोधाच्या जोड्या तयारच आहेत. हे शब्द मूल शाळेत येताना बरोबर घेऊन येते. शिक्षकाने ते फोडून दाखवावेत, प्रत्येक घटक निरनिराळ्या वाक्यांत घालून पाहावा, आणि कोठे चालतो व कोठे अडतो हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. उत्तरपत्रिका तपासताना शब्दाबरोबर वाक्यही मागावे. यादी त्यानंतर यावी. आधी आली, तर ती केवळ पाठ होते.