पोटातली दारू

उमामहेश्वराच्या देवळापाशी चपला सोडा आणि कातळावरून जपून चाला, शेवाळ आहे. भरती चढते आहे. काळ्या कातळात पुढे जी चीर दिसते ती बामणघळ. थोडे लांबच थांबा. लाट येते, आजूबाजूच्या खडकावर नुसती पसरते आणि निमूट परत जाते. तिचाच एक तुकडा चिरेत शिरतो, दोन्ही भिंतींत दाबला जातो आणि दुसरी वाट न सापडून वर उसळतो. पाण्याचा पांढरा खांब उभा राहतो, टोकाला क्षणभर थबकतो, मग फुटून सगळीकडून खाली येतो. समुद्र तोच, लाट तीच. करामत भिंतींची.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या या हेदवीला लोक येतात ते दशभुजा गणपतीच्या दर्शनाला, पांढऱ्या संगमरवरातली ती दहा हातांची मूर्ती बघायला, आणि वेळ उरला तर घळीकडे वळतात. तुम्ही आज आधी घळीवर आला आहात. पुढची लाट येऊ द्या. त्या खांबातले पाणी पुसून टाका आणि जागी ठिणग्या ठेवा. खाऱ्या वाऱ्याला आता गंधकाचा वास यायला लागेल.

पायाखाली कातळ नाही, धूळ आहे. समोर काळोखात पर्वतीची टेकडी. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, आणि पुण्याच्या गर्दीत कोणाचा तरी कोपर तुमच्या बरगडीत. महादजी शिंदे 1792 च्या जूनमध्ये उत्तरेतून पुण्यात आले आहेत. 1794 च्या फेब्रुवारीत वानवडीला त्यांचा शेवट होणार आहे. ही त्या दोहोंमधली एक अंधारी रात्र. झाले असे की, कोट्याच्या राजाकडे दिवाळीत दारूची लंका कशी जाळतात याचे वर्णन महादजींनी सवाई माधवरावांपुढे केले. पेशवे जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. त्या वयाच्या मुलाने हे ऐकून स्वस्थ बसायचे म्हणजे कठीणच. तशीच लंका पुण्यात व्हावी असा हुकूम झाला.

(दारू म्हणजे शोभेची दारू. मराठीत एकच शब्द बाटलीलाही चालतो आणि तोफेलाही, आणि आजवर कोणाची अडचण झालेली नाही.)

पेशवे आणि सरदार पर्वतीवर बसले आहेत. पायथ्याला राक्षस, वानर, रावण, सगळे दारूने भरलेले. मारुतीच्या शेपटीला बत्ती लागते. शेपूट पेटते, मारुती उडतो, लंकेवरून फिरतो आणि तो जाईल तिथे आग लागते. गर्दी एका आवाजात ओरडते, तुम्हीही ओरडता. पलीकडे तळे आहे. सवाई माधवरावांच्याच काळात, 1784 साली, त्यातल्या बेटावर गणपती बसवला. त्या पाण्यात दुसरी लंका उलटी जळते आहे.

आता जरा नीट पाहा. काय नाही? हिरवा नाही, निळा नाही, गडद तांबडाही नाही. सगळे आकाश केशरी, पिवळे आणि पांढरे. सोरा, गंधक, कोळसा, चमकीसाठी लोखंडाचा कीस, एवढ्यात जे निघेल ते. पोटॅशियम क्लोरेट बर्थोले यांनी फ्रान्समध्ये नुकतेच, 1780 च्या दशकात, तयार केले आहे, पण ते आतषबाजीत यायला एकोणिसावे शतक लागेल. त्यानंतर स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा झळाळेल. तांब्याचा निळा मात्र आजही कारागिरांना रडवतो. रंग नव्हते म्हणून या लोकांनी गोष्ट रचली. मला विचाराल तर आजच्या रंगीत आकाशापेक्षा ही एकरंगी लंका जास्त लक्षात राहते, कारण तिच्यात पुढे काय होणार हे माहीत असूनही माणूस श्वास रोखतो.

ही हकीकत पेशव्यांच्या बखरीतली. ती आतषबाजीच्या इतिहासात नीट गुंफली परशुराम कृष्ण गोडे यांनी, 1953 साली. मूळचे देवरुखचे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. जिलबीपासून तंबाखूपर्यंत कशाचाही माग काढणारा हा माणूस हवई आणि बाण कसे सोडेल? एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातल्या लग्नातली दारूसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

गंधकाचा वास तोच ठेवा, बाकीचे बदला. दसऱ्याची रात्र, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातले कवठेएकंद. सिद्धराजाची पालखी निघाली आहे आणि गावातली मंडळे आपापली दारू घेऊन उभी आहेत. इथे शोभेची दारू हा पिढीजात छंद, आणि दसरा ही त्याची परीक्षा. दारूची झाडे पेटतात, चक्रे फिरतात. पण तुम्ही मान वर करून थांबला आहात ते औटासाठी, म्हणजे उंच जाऊन फुटणाऱ्या गोळ्यासाठी.

नळ्यातून धप्प असा आवाज येतो. एक बारीक ठिणगी वर चढते, मंदावते, विझल्यासारखी होते. इतका वेळ सगळे गाव गप्प. मग औट उघडतो. जे दिसते ते ताऱ्यांमुळे, म्हणजे आत रचलेल्या उजेडाच्या गोळ्यांमुळे. पण ते कसे दिसेल हे ठरवते मधोमध बसलेली, स्वतः कधीच न दिसणारी पोटातली दारू आणि तिच्याभोवती घट्ट बसलेले कागदाचे थर. पोट वेळेवर आणि सारख्या जोराने फुटले की प्रत्येक तारा एकाच वेगाने सुटतो. म्हणून कोणत्याही क्षणी सगळे तारे मध्यापासून सारख्याच अंतरावर. पारावरून बघा की गच्चीवरून, फूल गोलच. जपानी कारागिरांनी याच गोलाईवर जन्म घालवले आणि त्या फुलाला शेवंतीचे नाव दिले.

दुसरा औट. पोट मऊ, आवरण ढिले. तारे एका अंगाने घरंगळत सुटतात, लांब जात नाहीत, वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत खाली येतात. शेजारचा म्हातारा जीभ टाळ्याला लावून चुकचुकतो. तुम्हाला मात्र तेच जास्त आवडलेले असते, बोलू नका.

तिसरा. पोट भलतेच तेज. ताऱ्यांना एवढा वेग मिळतो की वाऱ्यानेच त्यांची ज्योत विझते. लख्ख एक झाप, छातीत हादरा, आणि आकाशात राखाडी धुराचा गोळा. आवाज मोठा, उजेड नाही. चौथा उशिरा उघडतो. तो खाली यायला लागलेला असतो, आणि पेटते तारे माणसांच्या डोक्याकडे येतात. गर्दी मागे सरते. एक पोर हसते, त्याची आई हसत नाही.

हसण्यासारखे नाहीच. विनापरवाना दारू बनवण्याला 1884 च्या कायद्यापासून बंदी आहे आणि ती उगाच नाही. 2015 च्या मे महिन्यात याच गावातल्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगार गेले. पारावर त्याबद्दल कोणी आपण होऊन बोलत नाही. कौतुक करताना दारूवाल्यांचे हातही बघा, बोटे मोजावीत असा मोह होतो.

पहाटेकडे धूर गावावर बसतो. घसा खरवडतो. डोळे मिटा.

पुन्हा कातळ, पुन्हा खारा वारा. भरती आता पुरी चढली आहे. औटाचे एक तुमच्या ध्यानात आले असेल. गावाबाहेरच्या बांधावरून पाहिले की उजेड आधी आणि आवाज मागून येतो. शंभर मीटरला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा, पण छातीला तो कळतो. घळीत उलटे आहे. आधी आत खोलवर गुडगुडते, तळव्यांना कळते, आणि मग पाणी दिसते.

आत्ता तेच गुडगुडले. दोन पावले मागे व्हा.