जठरातील जंतू, जनुकांतील दोष आणि कर्करोग

जठरातील तीव्र आम्लात कोणताही जीवाणू तग धरू शकत नाही, असा वैद्यकशास्त्राचा दीर्घकाळ समज होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा सर्पिल आकाराचा जीवाणू जठराच्या अस्तरातून वेगळा काढून वाढविला आणि हा समज मोडीत निघाला. सहकाऱ्यांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूंचे द्रावण स्वतःच प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी, १९९४ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची गणना निश्चित कर्ककारकांत केली होती.

हा संसर्ग बहुधा बालपणी होतो आणि उपचार न केल्यास जन्मभर राहतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींच्या जठरात मात्र दाह जुनाट होतो, अस्तर झिजते, मूळ पेशींच्या जागी आतड्यातल्यासारख्या पेशी येतात आणि पुढे त्यांत विकृती निर्माण होते. या प्रवासास कित्येक दशके लागतात.

या काळात पेशींच्या आत काय घडते, हा खरा प्रश्न आहे. जंतूच्या काही वाणांमध्ये सुईसारखी यंत्रणा असते. तिच्याद्वारे 'कॅगए' नावाचे प्रथिन पेशीत सोडले जाते आणि पेशीच्या वाढीचे नियंत्रण बिघडते. जपानमधील क्योटो येथील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये आणखी एक दुवा उघड केला. प्रतिपिंडांमध्ये वैविध्य यावे म्हणून रक्तातील पांढऱ्या पेशी स्वतःच्या जनुकांत बदल घडविणारे एक विकर वापरतात. संसर्गामुळे तेच विकर जठराच्या पेशींत भलत्याच जागी कार्यरत होते आणि पेशींचा पहारेकरी मानल्या जाणाऱ्या 'पी-५३' जनुकात उत्परिवर्तने घडतात.

ही उत्परिवर्तने आयुष्यात कमावलेली असतात. काही दोष मात्र जन्मतःच असतात. जपानमध्ये दहा हजारांहून अधिक जठर-कर्करुग्णांच्या जनुकांची तपासणी करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तनांच्या कर्करोगामुळे परिचित असलेली 'बीआरसीए-१' व 'बीआरसीए-२' ही जनुके येथेही आढळली. त्यांचे काम तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणे हे आहे. आणि हा जंतू तर डीएनए तोडतो. एकीकडे मोडतोड वाढलेली, दुसरीकडे दुरुस्ती अपुरी! अशा दुरुस्ती-जनुकांत दोष असून संसर्गही असलेल्यांमध्ये ८५ व्या वर्षापर्यंत कर्करोगाची जोखीम ४५.५ टक्के, तर संसर्ग असूनही दोष नसलेल्यांमध्ये ती १४.४ टक्के आढळली. हे आकडे जपानी लोकसंख्येचे आहेत, हे विसरता कामा नये. भारतात संसर्ग सर्रास आढळूनही, मिझोरामसारखे अपवाद वगळता, या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी आहे.

वारशाने आलेले जनुक बदलता येत नाही. जंतू मात्र घालविता येतो. श्वासाच्या वा शौचाच्या चाचणीने त्याचे निदान होते आणि आम्लरोधक औषधासह प्रतिजैविकांचा साधारण दोन आठवड्यांचा उपचार दिला जातो. औषधे अर्धवट सोडल्यास जंतू दाद देईनासे होतात. घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असताना वर्षानुवर्षे 'पित्त' म्हणून चघळायच्या गोळ्यांवर निभावणे धोक्याचेच. अस्तरात बदल होण्यापूर्वी जंतू नष्ट झाल्यास लाभ सर्वाधिक असतो. आतड्यासारख्या पेशी एकदा आल्या की उपचारानंतरही जोखीम पूर्णपणे टळत नाही, म्हणून अशा रुग्णांना दुर्बिणीद्वारे ठरावीक काळाने तपासणीचा सल्ला दिला जातो.