सिद्धगड परिसरातील जमीन आणि माळा

सिद्धगड किल्ल्याची माची आणि पायथ्याचा मुरबाड-शहापूर पट्टा सागाच्या मुलखात मोडतो. तरीही येथील घरांच्या तळजमिनीला लाकूड लागले नाही. चार महिन्यांचा पाऊस, खालून चढणारी ओल आणि वाळवी ही त्याची कारणे. साग वाळवीला दाद देत नाही हे जुन्या झाडाच्या गाभ्यापुरतेच खरे. बाहेरचे फिकट लाकूड तिच्या तोंडी पडते. म्हणून महादेव कोळी, ठाकूर, कुणबी यांच्या घरांत माती पसरून, पाणी शिंपडून ती चोपण्याने ठोकीत आणि वर शेणाने सारवीत. पावसाळ्यात उखडलेली जमीन नव्याने करायला पैसा लागत नसे.

लाकूड चढले ते माळ्यावर. मेढींवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर आडव्या फळ्या. ऐपत नसेल तेथे बांबू किंवा कारवी. चुलीवरच्या माळ्याला धूर लागे आणि तिथे ठेवलेले बियाणे किडीपासून वाचे. घाटावरच्या वाड्यांत यापुढची पायरी दिसते. कड्यांवरच्या तक्तपोशीवर मातीचा जाड थर देऊन सारवण केले जाई. त्याने फटी बुजत आणि पावलांचा आवाज दबे. आजच्या लाकडी जमिनीच्या नेमकी उलट रचना ही: लाकूड खाली, पायाला लागायची ती माती.

एकोणिसाव्या शतकात लाकडाचा हिशेब बदलला. १८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि शहरांकडे लाकूड नेण्याची वाट सोपी झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगले ठरली. घरासाठी साग तोडणे सरकारी परवानगीचा विषय बनले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाल्यावर सिद्धगडाकडच्या रानावरील बंधने आणखी वाढली. दाराशी उभा असलेला साग असा घरापासून दूर गेला. माळ्याच्या जागी पुढे स्लॅब आला, सारवणाच्या जागी शहाबादी फरशी आणि टाइल्स.

लाकडी जमिनीची हौस आता प्लायवूडवर फळ्या बसवून भागते. पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असल्याने प्लाय अखंड फळीइतका फुगत नाही. ओलीच्या जागी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) किंवा मरीन दर्जाचा घ्यावा लागतो. दोन तक्त्यांमध्ये सुमारे ३ मिलिमीटर फट, वरच्या फळ्या खालच्या कड्यांना आडव्या आणि भिंतीलगत फुगण्यापुरती मोकळी जागा, एवढे पाळले तर जमीन टिकते. तळमजल्यावर मात्र आधी ओल अडवावी लागते, नाहीतर महागडा साग आणि प्लाय दोन्ही वाया जातात. फळ्या काही दिवस त्याच खोलीत ठेवून, त्यांचा आणि प्लायचा ओलावा मोजूनच काम सुरू करावे. रुंद फळ्यांसाठी दोन्हींच्या ओलाव्यातील फरक २ टक्क्यांच्या आत असावा लागतो. भर पावसाळ्यात तो साधणे कठीण. या भागात अशा कामाला दिवाळीनंतरचाच काळ योग्य.