‘कुमारी’ आणि ‘माउली’: मरियेच्या दोन नावांची कुळकथा

येशूचा जन्म पुरुषसंबंधाशिवाय, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने मरियेच्या उदरी झाला, हा ख्रिस्ती धर्मातील कुमारीजन्माचा सिद्धांत. नव्या करारात ही कथा मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत येते. मराठी चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धावचनातला ‘कुमारी’ हा शब्द संस्कृतातला असला, तरी त्यामागचा अर्थ हिब्रू आणि ग्रीक या दोन भाषांतून घडत आला आहे.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यशया संदेष्ट्याने यहूदाचा राजा आहाज याला एक खूण सांगितली: एक मुलगी गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल. तिच्यासाठी मूळ हिब्रूत ‘आल्मा’, म्हणजे वयात आलेली तरुणी, असा शब्द आहे. ख्रिस्तपूर्व काळातच ज्यू भाषांतरकारांनी ग्रीकमध्ये त्यासाठी ‘पार्थेनोस’ हा शब्द योजला. त्याचा रूढ अर्थ पुरुषस्पर्श न झालेली कन्या. मत्तयाने याच ग्रीक पाठाच्या आधारे ती खूण येशूच्या जन्माला लावली. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथात त्रिफो नावाचा ज्यू यावरच आक्षेप घेतो. मराठी ‘कुमारी’त दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. दाखल्यावरच्या नावामागचे ‘कु.’ केवळ अविवाहित असल्याचे सांगते. श्रद्धावचनातली ‘कुमारी’ त्याहून अधिक काही सांगते.

अविवाहितेच्या पुत्राला हिंदू धर्मशास्त्रात ‘कानीन’ म्हणतात. कुंतीचा कर्ण हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. पण कर्णाला सूर्य हा पिता आहे. लूकच्या कथेत देव पतीच्या जागी येत नाही. परात्पराचे सामर्थ्य मरियेवर छाया करील, एवढेच देवदूत सांगतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात निवासमंडपावर उतरलेल्या मेघासाठी हेच क्रियापद आले आहे. जसा तो मंडप, तशीच मरिया देवाच्या वस्तीची जागा ठरते.

यातून धर्मज्ञांनी मुख्यतः तीन अर्थ काढले. तारण मानवी कर्तृत्वाने येत नाही, ते देवाच्या कृपेने येते, हा पहिला. येशूचे शरीर हा केवळ भास होता असे मानणाऱ्यांना इग्नेशियस या बिशपने सुमारे ११० साली उत्तर दिले, की तो मरियेपासून खरोखर जन्मला. येशूचे खरे मनुष्यत्व हा दुसरा अर्थ. तिसरा आयरेनियस या बिशपचा: हव्वेच्या अवज्ञेने पडलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली आणि येशूच्या रूपाने नवा आदाम आला.

मात्र कुमारीजन्म मानला म्हणजे येशूचे देवत्व आपोआप सिद्ध होत नाही. कुराणाला हा जन्म मान्य आहे, देवत्व नाही. चर्चनेही दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मांडल्या. ३८१ च्या श्रद्धावचनात कुमारी मरियेचा उल्लेख आला आणि ४३१ साली इफिससच्या परिषदेने तिला ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली. १८५४ साली पोपने जाहीर केलेला ‘निष्कलंक गर्भसंभव’ हा सिद्धांत वेगळा. तो मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेविषयी आहे.

मराठीत ही कथा ओवीतून आली. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील रायतूर येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. मराठवाड्यात, वैजापूरच्या बाजूला, कॅथलिक मिशन रुजले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, घोगरगावात, फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या मिशनरींमुळे. गोदावरीपलीकडे, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी, दर सप्टेंबरात मरियेची यात्रा भरते. यात्रेकरू तिला ‘मतमाउली’ म्हणतात. ‘माउली’ हा शब्द वारकऱ्यांच्या बोलीतला. श्रद्धावचन तिला कुमारी म्हणते, यात्रा माउली म्हणते. आणि सिद्धांताला ती एकाच वेळी दोन्ही असावी लागते.